खंडेनवमीचा मिक्सर

झेंडूची पिशवी कानिफनाथने उंबऱ्यातच आपटली. चौरंगावर मांडलेला साउंडचा मिक्सर चालू होता. ऐन खंडेनवमीला, हळदकुंकू लावून झालेला, आणि त्याच्या पडद्यावर एक निळी रेघ मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती. बाजूला पेनड्राइव्ह खोचलेला. समोर मांडी घालून बसली होती त्याची मुलगी, निकिता.

"काय चाललंय?"

"नवीन फर्मवेअर टाकते, आप्पा, मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर. मधीच बंद करू नका, मशीन मरंल."

"तुला न्हाई म्हनलं हुतं ना मी?"

म्हणालाच होता, महिनाभर. मिक्सर जुना, कंपनीनेही बनवायचा बंद केलेला. त्याच्यावर घर उभं राहिलं. नीट चालतोय तर त्याच्या पोटात कशाला हात घालायचा? आणि निकिताचं महिनाभर एकच पालुपद होतं, की नवीन फर्मवेअर टाकलं की लोकांत मागे बसून टॅब्लेटवरून आवाज कमीजास्त करता येतो.

"लोकांत बसून तू आवाज करनार. आन मी मिक्सरम्होरं बसून काय करू? उदबत्ती लावू?"

"तुमी तुमच्या जागेवरच बसा. कुनाला कळनार बी न्हाई."

"काय कळनार न्हाई?"

निकिताने रेघेवरची नजर हलवली नाही. देवळाली प्रवऱ्याच्या कीर्तनात माईकने शिट्टी मारली, तेव्हा महाराज अभंग सोडून थांबले होते. बायांनी पोरांचे कान झाकले. आणि मिक्सरवर बसलेला हा माणूस टाळांच्या ठेक्यावर खुशाल मान डोलवत होता. तिने धावत येऊन माईक बंद केला. घरी येताना त्याने टेम्पोत वाटभर माईकला शिव्या घातल्या. तेव्हापासून ती संतापलेली होती. ज्याने तिला आवाज ऐकायला शिकवला, त्याला हे तोंडावर सांगायचं कसं? उद्या दसरा, नेवाशात देवीपुढे कार्यक्रम. तिथे पुन्हा तसंच झालं की नावावर पाणी.

"तुला माजी जागा पायजे," कानिफनाथ म्हणाला. "सरळ सांग की."

"जागा घाला चुलीत," ती म्हणाली. "मला उद्याचा कार्यक्रम नीट पायजे."

त्याने वायरीला हात घातला. तेवढ्यात त्याची आई, आक्काबाई, हळदीच्या हातांनीच उठली आणि विजेच्या बोर्डापुढे उभी राहिली.

"कानिफ, पूजेच्या दिशी हत्याराचा जीव घेऊ नको."

तो धुसफुसत थांबला. रेघ शेवटाला पोचली. मिक्सर विझला, बराच वेळ विझलेलाच राहिला, मग एकेक दिवा लागत गेला.

"आवाज दाखव," कानिफनाथ म्हणाला.

"थांबा, सगळं कोरं झालंय. सेटिंग करू द्या आदी."

त्याने तिला दंडाने बाजूला सारलं. पूजेसाठी माईक स्पीकरच्या थेट तोंडाशी ओळीने मांडले होते. त्यांतला एक आणि तो स्पीकर निकिताने तपासायला म्हणून जोडून ठेवले होते. कानिफनाथने त्या माईकचा फेडर, ती आवाजाची पट्टी, अर्ध्यावर सरकवली. कान देऊन ऐकलं. मग पार वर नेली.

"बग," तो ओरडला. "मुकं केलंस. मारलंस मशीन. उद्या काय घिऊन जाऊ देवीम्होरं, ही फुलं?"

दारातलं कुत्रं शेपूट घालून रस्त्याकडे पळालं. निकिताने डोळे गच्च मिटले होते. आक्काबाईने दोन्ही हातांनी कान दाबून धरले होते, आणि तिच्या पांढऱ्या केसांना हळद लागली होती.

"आये, कान कशाला झाकलेस?"

निकिताने टॅब्लेटवर बोट खाली ओढलं. मिक्सरवरची पट्टी आपोआप खाली आली. आक्काबाईचे हात खाली आले.

कानिफनाथ त्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने पट्टी स्वतः वर सरकवली, या वेळी हळू. हात कानांवर गेले. खाली ओढली. हात खाली आले.

"देवळालीला बी?" त्याने विचारलं.

"व्हय, आप्पा. ती बारीक शिट्टीच ऐकू येत न्हाई तुमाला." निकिताच्या आवाजातला राग अजून गेला नव्हता.

"आन तू मला आज सांगतीस?"

त्याने पट्टी पुन्हा पार वर नेली आणि बोटाने तशीच दाबून धरली. आक्काबाई कान दाबून कळवळत होती, "पुरं, कानिफ, पुरं," म्हणत होती. तो स्पीकरला कान लावून, काहीतरी ऐकू येईल म्हणून थांबून राहिला.