शेततळ्याचं कुंपण

"तळ्याभोवती काट्याचं कुंपण कशापायी?" जालन्याहून आलेल्या शेतकऱ्यांतले लक्ष्मणराव उभे राहिले होते. समोर भिंतीवर, व्यासपीठावर बसलेल्या शनाभाई राठवा या गुजराती शेतकऱ्याच्या शेततळ्याचा फोटो होता. भोवती बाभळीच्या फांद्यांचं दाट कुंपण. "सरकारी योजनेत बसतं का ते?"

सुनंदाबेननी प्रश्न शनाभाईंना गुजरातीत सांगितला. गोत्रीच्या त्या प्रशिक्षण केंद्रात सकाळपासून त्यांचं हेच काम चाललं होतं. नागरवाड्यातल्या त्यांच्या घरात मराठी, उंबरा ओलांडला की गुजराती. दोन्ही जिभेवर सारख्याच. केंद्राच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं, "बेन, 'ते म्हणतात, ते म्हणतात' मध्ये आणू नका. ते 'मी' म्हणाले की तुम्हीही 'मी'च म्हणा."

त्याप्रमाणे सकाळपासून सुनंदाबेननी दुष्काळात बैल विकले होते, तळं खोदलं होतं, पावसानं दगा देऊनही तूर उभी केली होती.

शनाभाई फोटोकडे बघत राहिले. मग म्हणाले, "छोकरी पडी गई'ती. पछी वाड करी."

"माझी मुलगी पडली होती," सुनंदाबेन म्हणाल्या. "त्यानंतर कुंपण केलं."

आवाज नेहमीसारखाच निघाला. माईकमधून तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

"कुंपण योजनेत बसत नाही," साहेब हलक्या आवाजात म्हणाले. "पुढचा प्रश्न?"

"उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरतं का?" मागून कोणीतरी विचारलं.

सुनंदाबेननी विचारलं. शनाभाई म्हणाले, पुरतं, जनावरांना पाजूनही उरतं. सुनंदाबेन म्हणाल्या, पुरतं, जनावरांना पाजूनही उरतं.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी ताटात कढी-भात घेतला. भूक आहे की नाही, काही कळत नव्हतं. शेजारी शनाभाई उभ्यानेच जेवत होते. लक्ष्मणराव ताट न घेताच आले आणि सुनंदाबेनसमोर थांबले.

"ताई, केवढी व्हती?"

त्यांनाच विचारत होते. सुनंदाबेननी तोंड उघडलं, 'माझी' एवढंच आलं, पुढचं त्यांना ठाऊक नव्हतं. त्या शनाभाईंकडे वळल्या. एवढा साधा प्रश्न, पण गुजराती शब्द सापडेना.

शनाभाईंना प्रश्न तसाच कळला. त्यांनी ताट खाली ठेवलं. हात कमरेपाशी आडवा धरला. मग जरा थांबून आणखी थोडा खाली घेतला.