ह्यांचं ताक

“ह्यांना एक दिवसाआड आंबट ताक दे. सकाळी कोवळ्या उन्हात असू देत, दुपारी आत घे,” लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या सासूबाईंनी रिक्षात बसता बसता बजावलं.

खोकल्याच्या माणसाला ताक कशाला, हे नव्या सुनेला, ऋजुताला, कळेना. पण विचारायचं तरी कसं? तिने सासऱ्यांना गॅलरीत उन्हात बसवलं आणि हातात पेला दिला.

“तिनं सांगितलंय?” त्यांनी दोनदा विचारलं. मग खोकत खोकत सगळं ताक प्यायले. “माझं काही कुणाला सांगून जायची ही तिची पहिलीच वेळ.”

महिन्याने सासूबाई परतल्या, त्या थेट गॅलरीत गेल्या. कुंडीतल्या अनंताची पानं पिवळी पडली होती, कळ्या गळल्या होत्या. “ह्यांना ताक दे म्हटलं होतं ना?”

ऋजुता गोंधळून एकदा कुंडीकडे, एकदा सासऱ्यांकडे बघत राहिली.

“अगं, झाडाचं नाव मी कसं घेणार? ह्यांचंच नाव ते.”

खुर्चीतल्या अनंतरावांच्या हातात आजचा पेला तसाच होता. त्यांनी तो सावकाश कुंडीत ओतला.

“घे रे बाबा,” ते झाडाला म्हणाले, “तुझंच होतं.”