खराब पट्टी

कॉम्प्युटर सुरूच होईना. बटण दाबलं की नुसतं पीं पीं वाजे. शालननं सीपीयूचं झाकण काढलं, तेव्हा आतली धूळ दुपारच्या उन्हात संथपणे तरंगू लागली.

खिडकीपाशी आरामखुर्चीत तिचा नवरा दिगंबर अर्धवट झोपेत होता. आयुष्यभर त्यानं लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त केले होते, पण अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्याची वाचाच गेली होती. पुन्हा पीं पीं वाजलं आणि त्याचे ओठ हलले.

"राम..."

शालन स्वप्नात असल्यासारखी उभीच राहिली. मग तिनं हात जोडले. "अहो, पुन्हा म्हणा ना! राम राम!"

त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या. चांगला हात उचलून तो सीपीयूकडे बोट दाखवू लागला. "रॅम... रॅम!"

ती हसता हसता रडू लागली. आत रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. त्यानं खुणावलेली पट्टी काढून तिनं बटण दाबलं, तर आवाज थांबला आणि स्क्रीन उजळला. दिगंबरनं समाधानानं डोळे मिटले.

घर पुन्हा पहिल्यासारखं शांत झालं. शालन त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिली. मग तिनं कॉम्प्युटर हळूच बंद केला, तीच खराब पट्टी परत बसवली आणि बटण दाबलं. पीं पीं वाजू लागलं.

दिगंबरनं वैतागून डोळे उघडले. "अगं... ती... नको!"

"मग कुठली हो?" डोळे पुसत तिनं विचारलं.