पांढरी वायर

"आई, बघत रहा. ह्या तालुक्यात मला हरवनारा अजून जन्माला नाय आला," असं म्हणून निकेशने हेडफोन चढवला, आणि स्क्रीनवर गोल चाक फिरायला लागलं.

वाय-फाय गेलं होतं. ते परत येईपर्यंत कुणीतरी निकेशला तीन गोळ्या घातल्या.

"जन्मला वाटतं," हौसा म्हणाली आणि भज्यांची ताटली ठेवून खाली आली.

खाली हॉलमध्ये तिच्या नवऱ्याची, जगनशेठची, बैठक भरली होती. जगनने आधी स्वतःचं मिठागर विकलं, मग भातशेती विकली आणि आता तो दुसऱ्यांच्या जमिनी विकायचा. जमीन घ्यायला पुण्याहून आलेले उदयसिंह मोबाईल पणतीसारखा समोर धरून हॉलभर फिरत होते.

"शेठ, तुमच्या बंगल्यात पाय टाकला की रेंज मरते हो."

"मरनारच. भिंतीत कळंबोलीचं लोखंड हाय, डबल." जगनने भिंतीला थाप मारली. "हितला शब्द भायेर जात नाय."

शब्द बाहेर जाण्याचा जगनने धसकाच घेतला होता. गणपतीच्या आधी एकाने खिशात फोन चालू ठेवून अख्खी बैठक समोरच्या पार्टीला ऐकवली होती. सौदा तर गेलाच, वर जगनने त्या पार्टीला घातलेल्या शिव्याही पार्टीने जशाच्या तशा ऐकल्या.

हौसाने दुसरी ताटली पुढे केली. जगन सोफ्यावर बसल्या बसल्या पायावरचा डास मारत होता. डासांवर त्याने मुंबईहून मशीन आणलं होतं. ते सोफ्याखाली ठेवलेलं असायचं. पाहुणे आले की तो स्वतः वाकून ते लावायचा, हौसाला हात लावू द्यायचा नाही. "मोठ्या मानसाला डास चावला तर सौदा मोडतो," म्हणायचा. डास मात्र होते तेवढेच होते.

बैठक उठली, जगनने मशीन बंद केलं की घरातले सगळे मोबाईल एकदम टुंगटुंग करायला लागायचे. जणू त्यांचीही सुटका झाली.

रविवारी निकेशच्या ऑनलाइन गेमची फायनल होती. जिंकला तर पुण्याची एक टीम त्याला पगारावर घेणार होती. हरला तर सोमवारपासून कळंबोलीच्या लोखंडाच्या दुकानात सळया मोजायच्या, असं बापलेकाचं ठरलं होतं. निकेशला सळयांचं नाव काढलं तरी ताप यायचा.

म्हणून तो आठवडाभर वाय-फायच्या मागे लागला. चार शिंगांचा नवा राऊटर आणला. कपाटाचा आरसा काढला. हौसाचा मायक्रोवेव्ह बंद केला. पाणी सिग्नल खातं असं कळल्यावर माशांची टाकी उरणला मावशीकडे धाडली. मावशीने मासे तळले. शेवटी हौसाने राऊटरवरून मीठमोहरी ओवाळली. मोहरी आत पडली, राऊटर दुसरा आणावा लागला.

खांदा कॉलनीतून वाय-फायवाला सकाळी यायचा, स्पीड बघायचा, चहा प्यायचा. सकाळी नेट कधी जायचंच नाही.

"दादा, सरळ वायर टाका ना," तो म्हणाला.

"माज्या इटालियन मार्बलवर वायर दिसली," जगन म्हणाला, "तर वायर आनि तू, दोगं भायेर."

दिसली तर ना! निकेशने पांढरीशुभ्र वायर आणली. शनिवारी बाप घरात नसताना ती वरच्या खोलीतून जिन्यावरून खाली हॉलमधल्या राऊटरपर्यंत सोडली. मार्बलवर ती शोधायला हौसाला चष्मा लावावा लागला.

"बाबांना बोलू नको हां, आई."

हौसा बोलली नाही.

रविवारी संध्याकाळी उदयसिंह आले. गेट रिमोटने उघडलं, रिमोटने लागलं. जगनने वाकून मशीन लावलं. वर फायनल सुरू झाली आणि चाक काही फिरलं नाही. "आता जा ना! आता जाऊन दाखव!" निकेश वाय-फायला शिव्या घालत होता, तो आवाज खालपर्यंत येत होता.

जमिनीचा नकाशा आणायला जगन वर गेला. येताना वायर अंगठ्यात अडकली आणि उरलेल्या पायऱ्या त्याने एकदमच संपवल्या.

एक पाय भलतीकडे बघत होता. जबडा फिरला होता. जगन श्वास घेत होता, पण शिट्टी वाजल्यासारखा.

हौसाने फोन लावला. रेंज नाही. उदयसिंहांनी लावला. रेंज नाही. "गाडी काढतो," म्हणून ते धावले. गेटचा रिमोट चालेना. भिंत चढायचं म्हटलं तर वर काचा लावलेल्या.

हौसाने वर जाऊन दार बडवलं. "निकेश! अरं, बाबा पडलं!"

"भजी दाराशी ठेव!" आतून आवाज आला.

ती परत खाली आली तर जगन सोफ्याकडे बोट दाखवत होता. सारखं सारखं.

"सोफ्यावर झोपायचं म्हनतान, भाऊ," हौसा उदयसिंहांना म्हणाली. दोघांनी मिळून शंभर किलोचा जगन कसाबसा सोफ्यावर चढवला. उदयसिंह पुन्हा गेटकडे पळाले.

जगनचं बोट आता सोफ्याखाली वळलं. हौसा वाकली. मशीन तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं. त्यालाही निकेशच्या राऊटरसारखीच शिंगं होती, चांगली आठ. हिरवा दिवा जळत होता. तिने वर पाहिलं. जगनच्या कपाळावर डास बसला होता.

"चावतान का वं?"

जगनने डोळे वटारले आणि घशातून मोठा आवाज काढला.

"व्हय व्हय, करते," हौसा म्हणाली, आणि मशीनचं गोल बटण तिने शेवटपर्यंत फिरवलं.

"वहिनी, इथे रेंजची एक काडी आली होती," उदयसिंह गेटवरून ओरडले. "तीपण गेली."