संबंध नसल्याचा कागद

"कंपनी शेअर बाजारात येतेय ना, म्हणून सख्ख्या नातेवाइकांची माहिती जाहीर करावी लागते," समोर बसलेली मुलगी म्हणाली. श्रीरंगच्या पैसे पाठवायच्या अ‍ॅपच्या कंपनीतून ती पुण्याहून मिरजेला आली होती.

आई गेल्यावर कुमुदताईंनीच या धाकट्या भावाला लहानाचं मोठं केलं होतं. त्यानं परजातीतली मुलगी पसंत केली, तेव्हा "माझा भाऊ मला मेला," असं त्या चारचौघांत बोलून गेल्या. त्याला सात वर्षं झाली. पुढे रोज जीव जळायचा, पण फोन करायचं धाडस कधी झालं नाही.

मुलीनं दोन कागद काढले; त्यांतला एकच द्यायचा होता. एकावर ताईंचा पॅन नंबर नि मिळकतीचा तपशील भरायचा होता. दुसऱ्यावर एकच ओळ होती : 'आमचे एकमेकांशी कोणतेही संबंध उरलेले नाहीत.'

"श्रीरंग काय म्हणाला?"

मुलीनं मान खाली घालून दुसरा कागद पुढे सरकवला.

"आणि नाही केली सही तर?"

"सगळं अडकून पडेल, ताई. सरांनी दहा वर्षं घातलीत यात."

ताईंनी चष्मा लावला आणि सावकाश सही केली.

निघताना मुलगी दारात घुटमळली. "सरांना काही निरोप देऊ?"

कितीतरी बोलायचं होतं. तब्येत कशी आहे, मुलंबाळं काय, माझं चुकलं रे.

"आता कुठल्या नात्यानं देऊ, बाळ?" ताई म्हणाल्या.