वखारींकडचा रस्ता

"बाई, मनोरा कुठं आहे?"

चष्मेवाल्याने हे दुसऱ्यांदा विचारलं. सकाळी अकराला विचारलं होतं तेव्हा त्याच्या बुटांना पॉलिश होतं. आता साडेतीन वाजले होते, बूट चिखलाने माखले होते आणि आवाजातली अदब पार आटली होती.

शिंपिणीने मशीन थांबवलंच नाही. "सांगितलं होतं ना? कालव्याच्या कडेने सरळ."

"कालव्याच्या कडेने बंद वखारी आहेत आणि दोन कुत्री आहेत. मनोरा तो काय, तुमच्या कौलांच्या मागे दिसतोय. चार तास मी त्याच्याभोवती फिरतोय."

"दिसतोय ना? मग झालं की. बघितलात, आता जा."

तिच्या दुकानाशेजारच्या बोळातून मनोऱ्याच्या फाटकाशी जायला तीन मिनिटं पुरत. पण गल्लीने सात वर्षांपूर्वी एकदिलाने ठरवलं होतं, की त्या तीन मिनिटांतून कुणाला जाऊ द्यायचं नाही. मनोरा बघायला जगभरातून येणाऱ्या लोकांना गल्लीत 'मानवरे' म्हणत, कारण ते मान वर करून चालत, उंबऱ्यांना ठेचकाळत, वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढत आणि कुणाच्याही दारात डबा उघडून बसत. तेव्हा गल्लीकरांनी चौकातल्या बोर्डाचा बाण फिरवला. मग घराघरातून फोनच्या नकाशावर 'रस्ता बंद' अशी तक्रार धाडली, रोज एकेकाने, नकाशाला ते पटेपर्यंत. उरलेसुरले जे दारात येऊन विचारत, त्यांच्यासाठी शिंपीण होती. तिच्याइतक्या गोड आवाजात वखारींचा रस्ता कुणालाच सांगता येत नसे.

"मुद्दाम पाठवलंत ना मला?" चष्मेवाला पायरी चढला. "माझी गाडी सुटेल आता. एवढ्या लांबून आलो मी."

"आम्ही बोलावलं होतं?"

आतून तिच्या नवऱ्याने विचारलं, "कोण आहे गं?"

"कोण असणार? मानवराच."

आत कात्री फरशीवर पडली. पाठोपाठ जड काहीतरी पडलं. ती धावली. नवरा कापडं बेतायच्या टेबलाला टेकून खाली बसला होता, घामाने निथळत, छाती मुठीत धरल्यासारखी आवळून.

तिने फोन लावला. मनोऱ्यामागची गल्ली, शिंप्याचं दुकान, असा पत्ता तिने दोनदा सांगितला. पलीकडची मुलगी म्हणाली, दहा मिनिटांत अँब्युलन्स पोचेल.

चष्मेवाला न विचारता आत आला होता.

"बूट!" ती सवयीने खेकसली.

त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. नवऱ्याच्या गळ्याचं बटण सोडलं, पाठीशी कापडाचा गठ्ठा लावला आणि त्याची नाडी धरून बसला. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. चौकातून सायरन ऐकू आला, मोठा होत गेला. तिचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच आवाज कालव्याच्या बाजूला वळला आणि लहान लहान होत विरून गेला.

नवऱ्याचे ओठ काळपट दिसायला लागले होते. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"बाई, तुमची गल्ली आहे तरी कुठं?" ड्रायव्हर वैतागला होता. "नकाशा म्हणतो रस्ता बंद. बोर्ड म्हणतो मनोरा इकडे. इथं नुसत्या कुलपं लावलेल्या वखारी आहेत, आणि आता चौकाकडे परतायची वाटही सापडेना."

"अहो, तिकडून मागे फिरा... आणि मग..."

"मग कुठं?"

सात वर्षांत तिने शेकडो माणसं वखारींकडे पाठवली होती, पण स्वतः एकदाही तिकडे गेली नव्हती. तिकडून परत कसं यायचं, हे तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

नवऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले.

तिने चष्मेवाल्याकडे पाहिलं.

"तुम्ही... तिकडून इकडं कसे आलात?"

"मला विचारताय?"

"हो. विचारतेय. पाया पडते, सांगा."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने सावकाश पुसला आणि परत घातला. मग त्याने हात पुढे केला आणि फोन घेतला.

"ऐका," तो ड्रायव्हरला म्हणाला. "कालव्याकडे पाठ करा. निळ्या पत्र्याच्या वखारीपासून उजवीकडे. पुढे मोडका पूल लागेल, त्याच्या अलीकडे एक चढ आहे. गाडी बसेल. चढ संपला की डावीकडे."

शिंपीण त्याचा चेहरा न्याहाळत होती. शांत, साधा, कुठेही राग नसलेला. वखारींचा रस्ता सांगताना तिचा स्वतःचा चेहरा हुबेहूब असाच असे. हा खरं सांगतोय की सूड उगवतोय, हे कळायला तिच्यापाशी काहीच नव्हतं.

"आणखी एक," चष्मेवाला फोनवर म्हणाला. "वाटेत कुणालाही विचारू नका."