साधी हवा

"पोट किती दुखतंय, काका? शून्य ते दहा, एक आकडा सांगा."

"शून्य," मेंगाणे काका खुशीत म्हणाले. दुर्बीण काढून तास झाला होता. दुर्बीण आत सरकावी म्हणून आतडं फुगवायला साधी हवा बरी की कार्बन डायऑक्साइड, याचा दवाखान्यात अभ्यास चालला होता आणि लोखंडे सिस्टर त्याचा तक्ता भरत होत्या.

"मार्चमध्ये तपासलं तेव्हा संध्याकाळपर्यंत नुसते तळमळत होते," डब्यातला मऊ भात कालवत काकू म्हणाल्या. "आज बघा, भूक लागली म्हणतात. केमोनं उतार पडलाय, सिस्टर. लेकीला फोनसुद्धा केला मी."

सिस्टरनी आत पडद्यावर पाहिलं होतं. गाठ एवढी वाढली होती की दुर्बीण तिच्यापुढे सरकलीच नाही. डॉक्टर रिपोर्ट लिहून मग बोलावणार होते, पण तोवर काकूंना असं आशेवर ठेवणं सिस्टरना बरं वाटेना.

"काकू, तेव्हा साधी हवा भरली होती. आज सिलिंडरमधला गॅस होता. तो रक्तात शोषला जातो आणि श्वासावाटे निघून जातो. म्हणून दुखत नाही."

काकूंचा हात भातातच थांबला. काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि डबा आपल्याकडे ओढून घेतला.

"असं होय. मग पुढच्या खेपेलाही हाच गॅस द्या, सिस्टर."

आता पुन्हा दुर्बीण घालण्यात अर्थ नाही, असं डॉक्टर मघाशीच म्हणाले होते.

"देऊ की, काका," सिस्टर म्हणाल्या आणि त्यांनी तक्त्यात शून्य लिहिलं.